पायाच्या अंगठ्यानं हो म्हण

मशीनवाले काका नसते, तर एमआरआयच्या त्या नळीतून मी अर्ध्यातच पळालो असतो. काका माणसांना पायांवरून ओळखत. दिवसभर नळीबाहेर राहिलेले पायच तेवढे त्यांच्या नजरेसमोर. बाहेरच्या बाकावरून कोणी नमस्कार केला, की आधी खाली बघत. "हा, तू मागल्या खेपेचा, टाचा फुटलेला!"

मी कोकणातला, सातवीत शाळा सुटलेला, वर्ध्याला फरशी बसवायला आलेला. डोकं ठणकायचं, मग हातातून थापी निसटू लागली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गाठ आहे का ते पाहू. आईला फोनवर मी पित्त झालंय एवढंच सांगितलं.

"संगं कोनी आलं?" काकांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मंग मी हावो ना. काऊन थरथरून राह्यला?" त्यांनी माझ्या गळ्यातला ताईत उतरवून काचेपलीकडच्या आपल्या टेबलावर ठेवला. "तो बी पाहून राह्यला तुले."

आत मशीनच्या आवाजाचे डोक्याशी घण पडत होते. ही नळी म्हणजे आपली शेवटची खोली, असंच वाटलं. मध्येच काकांचा आवाज आला, "बरं हाय ना बापा?" मोठ्या माणसानं विचारल्यावर नुसतं पडून कसं राहायचं? मी अदबीनं मान डोलावली. ते विचारत गेले, मी डोलावत गेलो.

काका आत आले. "पुन्हा काढा लागते."

मी घाईनं विचारलं, "काही दिसलं का?"

"तुही मुंडी दिसली, हालताना! सारा फोटो पुसल्यावानी झाला. हो म्हनाचं, तर पायाचा अंगठा हालव."

मग शिरेतून औषध सोडलं. त्यानं गाठ उठून दिसते म्हणे. हातात गारवा चढला आणि वाटलं, संपलं आता. अंगठा मात्र आपोआप हलत होता.

"अरे, मी इचारलंच नाई अजून!"

गाठीचं त्यांनी काही सांगितलं नाही. "ते डाक्टर सांगतीन. माह्यं काम फोटो साफ काढाचं." नंतर कळलं, गाठ होती, पण मेंदूच्या आवरणावरची, कडा स्वच्छ. ती काढली, तपासणीत साधी निघाली, कॅन्सरची नव्हे. भीती मात्र अजून आहे. प्रत्येक नव्या फोटोच्या वेळी अंगठा आधीच हलू लागतो.

परवा काचेपलीकडे नवी मुलगी होती. काका निवृत्त होऊन केळझरला, त्यांच्या गावी गेलेत. मी भेटायला गेलो, तेव्हा निघताना म्हणाले, "समुद्र कसा असते रे? म्या पाह्यलाच नाई. पान्याचं भेव वाटते मले."

काका, एक दिवस तुम्हाला आमच्या गावी नेईन. लाट येईल तेव्हा तुमचा हात धरून मी उभा असेन.