भारद्वाजाचा दुसरा पंख

कळंबच्या इंद्रायणीचा भारद्वाज पुण्याच्या प्रदर्शनाला निघाला होता. अंगाला काजळी, डोळ्याच्या जागी गुंज आणि एका पंखाला कांद्याची तांबूस टरफलं. दुसरा पंख तेवढा राहिला होता, अन् चित्र न्यायला गाडी दुपारीच यायची होती.

लग्न होऊन आली तेव्हापासून ती कांदा साठवायच्या बराकीत निवडायला बसे. बाकीच्या बाया टरफलं झटकून टाकत. ही एकेक उजेडात धरून बघे. हे होल्याचं पोट, हा साळुंकीचा गळा! बघता बघता घरभर चिकटवलेली पाखरं झाली. बाहेरून बोलावणं मात्र हे पहिलंच.

सकाळी गुणगुणतच ती दाराआडची टरफलांची पिशवी घ्यायला गेली. पिशवी रिकामी.

"आत्या, यातली पत्ती?"

"बंबात घातली की," सासू अंबाबाई कौतुकानं म्हणाली. "लई झकास पेटली. म्हटलं, आज तुला पाव्हण्यांपुढं जायचंय, कडक पाणी काढावं."

सुनेचा चेहरा पाहून म्हातारीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

इंद्रायणी बराकीकडे धावली. नवरा सयाजी बाजारासाठी गोण्या भरत होता.

"अहो, थोड्या कांद्यांची पत्ती काढू?"

"येड लागलं का? पत्ती हाय म्हणून व्यापारी हात लावतो. उघडा कांदा कोण घेईल?"

"आपण खाऊ!" मागून अंबाबाई आली आणि पदर खोचून ढिगाशी बसलीच. "माझ्या हातनं झालंय. इंद्रे, रंग सांग."

"तांबूस. हे नको आत्या, गुलाबी आहे."

"अगं, पाखराला कुठं कळतंय?"

"मला कळतंय ना!"

"आये, बास आता, ढीग झाला," सयाजी ओरडला.

"एका पंखानं पाखरू पुण्याला जाईल व्हय रे?"

मग घरात खळ शिजली. सून चिकटवत होती, सासू फुंकर घालत होती. शेवटचं पीस बसलं आणि दारात हॉर्न वाजला.

ड्रायव्हर चित्र उचलू लागला, तशी अंबाबाई आडवी आली. "थांब, बाबा. सयाजी, बाजारला निघालास ना? भारद्वाज बघून जा. शकुनाचा असतो."

सयाजी धुसफुसत आला. बघितलं, आणि नकळत त्याचे हात जोडले गेले. इंद्रायणीनं तोंडाला पदर लावून हसू दाबलं.

तो मात्र ड्रायव्हरवर खेकसला, "भाऊ, पंखाला धरू नको. त्यात माझा एक नंबरचा माल हाय!"