नानकटाईवरचा अंगठा

लहानपणी दिवाळीत नानकटाई भाजायला आम्ही बेकरीच्या भट्टीवर न्यायचो. तिथे अनेक घरांचे ट्रे एकत्र लागत, म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. आई प्रत्येक नानकटाईवर अंगठा दाबायची. "खोल दाब, भट्टीत खूण बुजते," मला सांगायची.

आता आई नाही. ओव्हन घरातच आहे, अदलाबदलीची भीती नाही. तरी आज माझा अंगठा आपसूक दाबला गेला. हरवायची भीती संपली तरी खूण करायची सवय राहते.

तेवढ्यात मांडीवरच्या तान्ह्या लेकीनं एक गोळा मुठीत चिरडला. मी तो तसाच भाजला. तिच्या बोटांच्या खुणा जवळजवळ बुजल्या.

सासूबाईंनी ती वेडीवाकडी नानकटाई उचलून बाजूला ठेवली.

"ही कुणाला देऊ नकोस," म्हणाल्या. "ही आपल्या घरची."