डाळ शिजणारं पाणी

लेक झाडं घेऊन आली तेव्हा मी तिला तोंडावर म्हटलं, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आमचं धानाचं घर. दारात तुळस, कढीपत्ता आणि एक लिंबाचं झाड, एवढीच काय ती बाग. त्यात ही पार पाचगणीकडून तीन कुंड्या घेऊन उतरली. एक मांडीवर, दोन पायांशी, आणि प्रवासभर स्वतः अवघडून बसलेली. कृषीचं शिकून ती तिकडे ब्लूबेरीच्या एका मळ्यात नोकरीला लागली होती. तिथलीच ही रोपं. निळं फळ येतं म्हणाली, करवंदाएवढं. मग करवंदंच खा की, असं अगदी ओठावर आलं होतं, पण तिचं तोंड बघून मी गप्प बसले. लेकरू पहिल्यांदाच आपल्या कमाईचं काहीतरी घरी आणत होतं.

तिने कुंड्या माझ्या अंगणात सावलीला मांडल्या आणि मला शिकवायला बसली.

"आई, याले आंबट माती लागते. अन् पाणी पावसाचंच. बोअरचं नको घालू. त्याच्यात चुना रायते, मंग पानं पिवळे पडतात."

"अन् पावसाचं सरलं तं?"

"तं बोअरच्या बादलीत लिंबू पिळजो. पण लयच नाइलाज झाला तं. अन् धानासारखं पाणी उभं नको ठेवू, मुळं सडतात."

मला हसू आलं. बोअरचं पाणी कसं आहे हे करडीकडच्या आमच्या गावात कोणाला शिकवायला नको. त्या पाण्यात डाळ शिजत नाही. तासभर उकळा, दाणा दाण्यासारखाच राहतो, वर नुसतं पिवळं पाणी. पूर्वी गावात एक विहीर होती, तिच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी व्हायची. नळ आले तशी ती कोणी उपसेना, आणि एका पावसात ढासळून बुजली. तेव्हापासून बायका डाळीत सोडा घालतात. नाही घालत ती एकटी माझी मोठी जाऊ. सोड्याची डाळ साबणासारखी लागते म्हणते, आणि खरंच लागते. ती पावसाळ्यात टिनावरून पडणारं पाणी ड्रममध्ये धरते, तोंडाला धुतलेलं लुगडं बांधते आणि वर्षभर ते पाणी फक्त डाळीसाठी काढते. तिच्या हातच्या वरणासाठी लोक पंगतीत दुसऱ्यांदा बसलेले मी पाहिले आहेत.

ही माझी जाऊ भिंतीपलीकडे राहते. घर मूळचं एकच, वाटणीत मधोमध भिंत आली, अंगणात छातीएवढी, घरात आढ्यापर्यंत. तिला मूलबाळ झालं नाही. माझी लेक तिच्याच मांडीवर वाढली. मी धानाच्या रोवणीला जायची तेव्हा तिला न्हाऊ घालणं, भरवणं, निजवणं सगळं तिने केलं. लेक तिला मोठी आई म्हणते. चुली वेगळ्या झाल्या त्याच वर्षी लेक शिकायला बाहेर गेली, आणि आम्हा दोघींमध्ये बोलण्यासारखं काही उरलंच नाही. भांडण नव्हतं. गाय व्याली का, दळण आणलं का, एवढ्यावर भागायचं. मी तशी फाटक्या तोंडाची आणि ती अबोल. मधलं माणूस निघून गेलं की अशा दोन बायकांचं काय होणार?

त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला. झाडांसाठी मीही टिनाखाली एक ड्रम लावला होता, तो अर्धाच भरला. थंडीत झाडं खुशीत होती, पानांना तांबूस रंग आला, दोन-चार पांढरी फुलंही आली घंटीसारखी. महाशिवरात्रीच्या सुमारास ड्रमच्या तळाशी लोटा खरडायला लागला. शेताजवळच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, बघायला गेले तर तिथे म्हशी चिखलात बसलेल्या.

मग सुरू झाले माझे उपाय. आंबटच लागतं ना? लिंबू पिळायला सांगितलं होतं, पण दारचं लिंबाचं झाड त्या दिवसांत नुसतं फुलावर होतं, आणि ताक घरात रोजचंच. म्हणून मी ताक पातळ करून घातलं. दोन दिवसांत असा वास सुटला की आमच्या यजमानांनी अंगणातली बाज उचलून मागच्या दारी नेली. गल्लीतलं मांजर कुंडीत तोंड घालून माती चाटायला लागलं. मग चिंचेचं पाणी घातलं, तर मुंग्यांची जत्रा भरली. शेवटी निमूटपणे बाजारातून लिंबं आणली. तोवर पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असं व्हायला लागलं होतं. मातीवर पांढरा थर धरला होता, मिठासारखा.

लेक दर रविवारी व्हिडिओवर यायची. मला फोनवर हळू बोलता येत नाही, आणि तिचाही आवाज मी मोठाच ठेवते, त्यामुळे आमचं बोलणं निम्म्या गल्लीला ऐकू जातं. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"आई, झाडं दाखव."

मी त्यातल्या त्यात हिरव्या फांदीसमोर फोन धरायची. "हेच काहून दाखवून राहिली? बाकीचे दाखव," असं ती म्हणायची. मग मी म्हणायची, रेंज गेली वाटते. एवढं करून फोन ठेवला की जीव थोडा थोडा व्हायचा. मे महिन्यात येते असं ती म्हणाली होती, पण सुट्टीचं अजून नक्की नव्हतं. दिवाळीलाही येते म्हणाली होती आणि आली नव्हती. तिच्या हाताने दिलेली झाडं मी मारून ठेवली, असं मला तिला सांगायचं नव्हतं.

होळी झाली आणि मोहफुलं पडायला लागली. आमच्या बांधावर मोहाची दोन झाडं आहेत. उजाडायच्या आत टोपली घेऊन जावं लागतं, नाहीतर गुरं फुलं खाऊन टाकतात. मी रोज जायची, ऊन चढलं की परतायची. आल्यावर बादलीत लिंबू पिळून कुंड्यांजवळ बसायची, तर माती ओलीच लागायची. मला वाटलं, लिंबाने ओल धरून ठेवली असेल. शेतात जन्म गेला तरी असं वाटलं, कारण तसं वाटायला मला आवडत होतं. माती ओली म्हणून मी आपली चूळभरच पाणी शिंपडायची. हळूहळू दोन कुंड्यांत नवी पालवी फुटली, चांगली हिरवीगार. तिसरी तेवढी कुरकुरत राहिली.

मग काय विचारता. पुढच्या रविवारी मी तिन्ही कुंड्यांवरून फोन फिरवला. लिंबाचं माप, पिळायची वेळ, सगळं लेकीला ऐकवलं. तुमच्या मळ्यातल्या साहेबांनाही सांग म्हटलं. आयत्या बिळावर नागोबा कसा डोलत असेल ते मला आता कळतं.

अक्षय तृतीया आली. चुली वेगळ्या झाल्या तरी आमच्यात एक रीत राहिली आहे. सासू-सासऱ्यांचं पान त्या दिवशी मोठ्या घरी वाढलं जातं आणि दोन्ही घरं तिथेच जेवतात. मी भजी तळायला सकाळीच गेले. पान दाखवून झालं, पुरुष जेवायला बसले, जावेने भातावर वरण वाढलं.

वरण वाढताना आवाज आला. डाळीचे दाणे भातावरून घरंगळून ताटात पडले. मी बघतच राहिले. ज्या बाईचं वरण ताटात वाढलं की नुसतं पसरायचं, तिच्या वाढणीत डाळीचे दाणे मोजून घ्यावेत असे वेगवेगळे. माझे भासरे, म्हणजे तिचे यजमान, अंगठ्याने दाणे बाजूला सारून निवांत जेवत होते.

"भाऊ, डाळ कच्ची रायली का?" आमच्या यजमानांनी विचारलं. त्यांना कुठे काय बोलावं हे कधीच कळलं नाही.

"होळीपासून असंच खाऊन राहिलो," भासरे म्हणाले. "दात हायेत तोवर चालते."

मी उठले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिचा ड्रम आहे. तोंडाला लुगडं बांधलेलं होतं, गाठ नीट. मी गाठ सोडली. आत कोरडं ठाक, तळाशी वाळलेलं एक पान. दाराशी आमच्याच कुंड्यांची काळी, हलकी माती लागलेला लोटा पालथा ठेवलेला. तशी माती आमच्या गावात दुसऱ्या कोणाकडे नाही.

मला आधी राग आला. खरं सांगते, रागच आला. मी लिंबू पिळत बसले, फुशारक्या मारल्या, आणि ही रोज मी मोहाला गेले की फाटक उघडून माझ्या अंगणात येऊन जात होती. एका शब्दाने बोलली नाही.

ती मागून आली. मी विचारलं, "बाई, पाणी कुठं गेलं?"

"उनानं आटलं."

"कपडा बांधलेलं पाणी आटते?"

तिने भज्यांचं पातेलं उगाच इकडचं तिकडे केलं.

"तुमी भासऱ्याइले सणाच्या दिवशी कच्ची डाळ खाऊ घालून राहिल्या. झाडासाठी? बाई, झाडं कायले एवढे? मेले असते तं मेले असते. पोरीनं दुसरे आणले असते."

तेव्हा ती माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत तिचे डोळे मी असे पाहिले नव्हते.

"मले आयकू येते न भिंतीपलीकडून," ती म्हणाली. "फोन केला का पयले पोरगी झाडायचंच इचारते. मंग शेतीचं इचारते. मंग ठेवते. आता आपल्या दोघींपाशी तिच्यासाठी काय हाये? हे झाडं मेले तं पोरगी कायले येईन इथं?"

माझ्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. तिच्या कुशीत वाढलेल्या पोरीला घरी यायला निमित्त उरावं म्हणून तिने आपल्या घरची डाळ कच्ची ठेवली होती. आणि पोर माझी, मी मात्र झाडं मेली तर आपलं नाव खराब होईल म्हणून धास्तावले होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिला धरून म्हटलं, "बाई, पोरगी झाडासाठी नाही येत. तुमच्यासाठी येते."

तिला ते पटलं नाही. ती फक्त म्हणाली, "भजे जळून राहिले."

जेवणं झाल्यावर मी चौघांत पाण्याचा विषय काढला. पुरुषांना काम मिळालं की ते सुखी होतात. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ नदीच्या पात्रात गेले आणि वाळूत झिरा खणला, म्हणजे हातभर खोल खड्डा, त्यात पाझरून पाणी गोळा होतं. कॅन भरून मोटरसायकलवर आणले. पाणी कसं आहे हे कसं ओळखायचं? आमच्याकडे त्याची एकच परीक्षा. जावेने मूठभर डाळ टाकली, आम्ही दोघी चुलीसमोर पाट टाकून बसलो. लोण्यासारखी नाही, पण शिजली. ज्या पाण्यात डाळ शिजते ते या झाडांना चालतं, हे कोणत्या पुस्तकात आहे का ते मला माहीत नाही. वरून थोडं लिंबू पिळत होतोच. अर्धं पाणी तिच्या चुलीला, अर्धं कुंड्यांना. मुळांभोवती धानाचा पेंढा पसरला आणि सकाळी दोघी मिळून पाणी द्यायला लागलो. ती लोटा धरायची, मी बडबड करायची.

तिसरी कुंडी तरी गेलीच. मेच्या उन्हात एका आठवड्यात वाळून काडी झाली. जाऊ दिवसभर जेवली नाही. त्या रविवारी मी फोन झाडांकडे फिरवलाच नाही. लेकीला सगळं सांगून टाकलं, ताकापासून रिकाम्या ड्रमपर्यंत, आणि एक झाड मेलं हेही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मोठी आई कुठं हाये?" मी फोन भिंतीवरून पलीकडे दिला. त्या दोघी काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. एवढ्या वर्षांत तेवढं एक शहाणपण केलं, घरात निघून गेले.

मेच्या शेवटी लेक आली. ऑटो दाराशी थांबला तेव्हा जाऊ कुंड्यांपाशी उभी होती. दोन्ही झाडं तिने ओल्या फडक्याने पुसून ठेवली होती, पान अन् पान, पोरीला आल्याबरोबर दिसावीत म्हणून. पोर उतरली, बॅग रस्त्यातच टाकली, कुंड्यांना वळसा घालून आली आणि तिच्या गळ्यात पडली. तशीच पदर धरून तिला आत घेऊन गेली. झाडांचं तिने दुसऱ्या दिवशी विचारलं.