दुसऱ्याचं कुलूप

पावाच्या कारखान्यात पहिल्या दिवशी माझ्या हातात पडलं ते एक लाल कुलूप, त्याची एकुलती एक किल्ली आणि माझा फोटो चिकटवलेलं कार्ड. मशीनला हात लावण्याआधी वरच्या पॅनलवर वीज बंद करायची, तिथे आपलं कुलूप घालायचं, किल्ली खिशात ठेवायची. चौघे कामाला असले तर चार कुलपं, शेवटचं निघेपर्यंत वीज चालू होत नाही. ज्याचं त्यानेच लावायचं आणि त्यानेच काढायचं. पुण्यात दहा वर्षं मेन्टेनन्स इंजिनीअर म्हणून मिरवलेल्या मला हे फारच पोरकट वाटलं. आमच्याकडे फ्यूज काढून खिशात टाकला, ऑपरेटरला दम दिला की झालं.

ही नोकरी मला अंकलनी मिळवून दिली. अंकल वसईचे, टोरांटोत येऊन त्यांना वीस वर्षं झालेली. मंदीचं वर्ष होतं. रिचमंड हिलच्या एका बेसमेंटमध्ये बसून पाच महिने मी दिसेल तिथे अप्लाय करत होतो आणि बायकोला सातवा महिना लागला होता. ग्रोसरीच्या दुकानात मला फोनवर मराठीत चिडचिड करताना ऐकून अंकल स्वतःहून बोलायला आले. पंधरा दिवसांत मी त्यांच्या हाताखाली हेल्पर. पण दर महिन्याला तिथे कोणाला ना कोणाला घरी पाठवत होते, आणि मी प्रोबेशनवर.

पॅनल लोखंडी जिना चढून वर होतं. अंकलचे गुडघे कामातून गेलेले. कठडा धरून एकेक पायरी चढताना त्यांच्याकडे बघवत नसे. वडिलांच्या वयाचा माणूस चढतोय आणि मी त्यांच्या मागे रिकाम्या हातांनी, हे मला जमेना.

“द्या इकडे अंकल, तुमचंही मीच लावतो.”

“रूल नाय तसा, बाबा. सुपरवायझरने बघितला तर दोघांची वाट लागेल.”

“कोण बघतंय?”

दोन-तीन दिवस ते नको नको म्हणाले, मग कुलूप आणि किल्ली देऊ लागले. काम संपलं की मी वर जाऊन दोन्ही कुलपं काढायचो. इथल्या लोकांना मोठ्यांचा मान ठेवणं कळत नाही, असं मी बायकोला ऐटीत सांगितलंही होतं.

त्या दुपारी आम्ही कन्व्हेयरची साखळी बदलली. लाइन तासभर बंद होती आणि सुपरवायझर तीनदा घड्याळ दाखवून गेला होता. अंकलनी हत्यारांची पेटी उचललेली मी पाहिली आणि जिना चढलो. दोन्ही कुलपं काढली, वीज चालू केली, ऑपरेटरला हात केला. पॅनलजवळून मशीनची मागची बाजू दिसत नाही. एक बोल्ट ढिला राहिला की काय, या शंकेने अंकल पेटी खाली ठेवून मागे वळले होते.

किंकाळी ऐकली. जिना कसा उतरलो ते आठवत नाही. कोणीतरी लाल बटण दाबून मशीन थांबवलं होतं. अंकलची उजव्या हाताची तीन बोटं साखळीत होती. ‘देवा, माझी घे, यांची सोड,’ असं मी मोठ्याने ओरडत होतो.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. खरं ते सांगून टाकायचं, असं मी घरून ठरवून निघालो होतो. सेफ्टीच्या बाईंनी समोरचा कागद वाचला. अंकलनी हॉस्पिटलमधून जबाब दिला होता की कुलूप त्यांनी स्वतःच काढलं आणि मग हात घातला.

“हे असंच झालं ना?” बाईंनी इंग्रजीत विचारलं.

डोळ्यांसमोर बायको आली, तिचं पोट आलं, ते बेसमेंट आलं. मी ‘येस’ म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की माझी मलाच किळस आली.

अंकलना नियम मोडला म्हणून कामावरून काढलं. माझं प्रोबेशन संपलं आणि मी कायम झालो.

तीन आठवड्यांनी त्यांच्या घरी गेलो. निदान त्यांच्या बायकोसमोर, आंटींसमोर तरी सगळं कबूल करायचं, पाय धरायचे, असं वाटभर घोकत होतो. अंकल सोफ्यावर होते, हात बँडेजमध्ये. मी टेकतोय तोच आंटी सुरू झाल्या.

“वीस वर्षं लोकांना शिकवलं यांनी, कुलूप नसेल तर हात घालू नका! आणि स्वतः? स्वतःच काढलं नि स्वतःच हात घातला! अक्कल कुठे गेली होती? अरे, शर्टाचं बटण लावता येत नाही आता यांना. तूच सांग बाबा, तू होतास ना तिथे?”

म्हणजे अंकलनी घरीही सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आंटींना कळणार नाही इतपत मान हलवली, नको म्हणून.

“चुकला माझा,” ते आंटींना म्हणाले. “पोराला चाय तरी दे.”

आंटी डोळे पुसत आत गेल्या. स्वयंपाकघर चार पावलांवर होतं. उठून जाता आलं असतं, अजूनही सांगता आलं असतं. मी बसून राहिलो. आंटींनी चहा आणला, आणि मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.