चौरंगावरची रहस्यकथा

कॉलेजातल्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षाच्या शेवटी कुणीतरी विचारलं, नव्या वर्षात कोण किती पुस्तकं वाचणार. कुणी पन्नास म्हणालं, कुणी शंभर. माझं मुरुमला आडत दुकान आहे. तुरीच्या हिशेबाच्या पट्ट्यांपलीकडं मला वाचायचं काम पडत नाही. पण मागं राहणं जिवावर आलं, म्हणून महिन्याला एक असं लिहून टाकलं. एकानं हसणारा चेहरा पाठवला. तेवढ्यावर मी हट्टाला पेटलो.

उमरग्याहून एक जाडजूड रहस्यकथा आणली. मुखपृष्ठावर रक्तानं माखलेला सुरा होता. संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो, हातपाय धुतले आणि पुढच्या खोलीत पुस्तक उघडून बसलो. दोन पानं होत नाहीत तोवर आई भिंतीला धरत आली, समोर बसली आणि तिनं डोक्यावरून पदर घेतला.

माझे वडील, अप्पा, होते तोवर रोज याच वेळी, हातपाय धुऊन, याच खोलीत मोठ्यानं पोथी वाचायचे. ते गेल्यापासून घरात कुणी वाचलं नव्हतं, आणि आईला आता अक्षर दिसत नाही. मी तिला सांगितलं, ही पोथी नाही, यात खून आहे. ती म्हणाली, पोथीतबी लई मरतात, वाच तू.

मला राग आला. मनातल्या मनात वाचलं असतं तर पुस्तक आठवड्यात उडवलं असतं. मोठ्यानं वाचायचं म्हणजे बैलगाडीनं पुण्याला निघणं. पण ती पदर घेऊन बसली होती आणि तिला ऊठ म्हणायचं माझ्यानं झालं नाही. वाचायला लागलो.

दुसऱ्या दिवशी बायकोनं अप्पांचा चौरंग पुसून मांडला आणि दिवा लावला. मग पोथीचे सगळे नियम आपोआप लागू झाले. रोज एकच अध्याय, आणि मधे उठायचं नाही. फोन वाजला तरी घ्यायचा नाही, त्यामुळे तुरीचा भाव विचारणारे समोरच्या आडत्याकडं जायला लागले. प्रकरण संपलं की आई पुस्तक डोळ्यांना लावायची, सुऱ्यासकट. शेजारच्या बायकाही येऊन बसू लागल्या. वकिलाच्या पोटात सुरा गेला त्या दिवशी सगळ्यांनी हात जोडले.

ग्रुपवर मित्रांची तिसरी-चौथी पुस्तकं चालू होती. माझा जळफळाट होत होता, आणि बरंही वाटत होतं. कारण अप्पा गेल्यापासून आई जेवायला बोलावलं तरच उठायची, एरवी भिंतीकडं तोंड करून पडून असायची. आता ती दुपारपासूनच बायकोपाशी त्या इन्स्पेक्टरची चौकशी करायची, लग्न झालंय का त्याचं, घरी कोण कोण असतं. पुस्तकात यातलं काहीच नव्हतं. बायको आपल्या मनानं सांगायची.

गुढीपाडव्याच्या आसपास पुस्तक संपलं. खुनी मेहुणा निघाला. बायकोनं समाप्तीला पुरणपोळी केली, नारळ फोडला, शेजारणी जेवून गेल्या. मी दुसरं पुस्तक आधीच आणून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते चौरंगावर ठेवलं. आईनं त्यावरून हात फिरवला, ते तिला पातळ लागलं.

"हे न्हाय," ती म्हणाली. "आपलं काढ. पहिल्यापासनं."

"अगं, खुनी कोण ते कळलं की. आता काय राहिलं त्यात?"

"तुझे अप्पा दर साली तीच पोथी वाचायचे. मला शेवट ठाऊक न्हवता व्हय?"

मी नवं पुस्तक कपाटावर टाकलं, जुनं चौरंगावर ठेवलं आणि पहिलं पान उघडलं. आईनं पदर सारखा केला. वकील अजून जिवंत होता, अंगणात बसून चहा पीत होता.