ज्ञानदाचा जूनळावा

२००६च्या जानेवारीत परभणीची ज्ञानदा हिंजवडीतल्या एका पशुखाद्य कंपनीत नोकरीला लागली. आजूबाजूला सगळ्या काचेच्या सॉफ्टवेअर कंपन्या, आणि त्यांच्या मधोमध एका इमारतीचा दुसरा मजला या पेंड-भुशावाल्यांचा. लिफ्टमध्ये गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं तिला विचारायची, "तू कुठल्या प्रोजेक्टवर?" ती म्हणायची, "मेंढ्यांच्या." मुलांना वाटायचं, हे एखाद्या प्रोजेक्टचं गुप्त नाव असणार. मग मुलं आदरानं मान हलवायची.

ज्ञानदाचं काम मार्केटिंग विभागात. दर महिन्याला विक्रीचा अहवाल पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर तयार करायचा. प्रत्येक जिल्ह्याची वेगळी फाइल, आणि सगळं मराठीत, कारण समोर बसणारे वितरक गावोगावचे. अहवाल नवा म्हणायचा, पण असायचा तो मागच्या महिन्याचाच. फाइल उघडायची, 'जानेवारी' असेल तिथं 'फेब्रुवारी' करायचं, आकडे बदलायचे, पुढची फाइल उघडायची. कुठल्या तरी स्लाइडच्या तळाशी एखादा 'जानेवारी' लपून राहायचाच, आणि तो नेमका तिचे साहेब, अनिमेष देशकर, यांना दिसायचा. देशकर अमरावतीचे. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचं बोलणं. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

ज्ञानदा राहायला शेजारच्याच माण गावात होती, चिमाबाईंच्या चाळीत. आयटी पार्कात रान गेल्यावर चिमाबाई आणि त्यांचा नवरा धुळा यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या. मेंढरं आणि एक शेळी मात्र ठेवली होती, मागच्या पत्र्याच्या शेडात. एका रविवारी केस वाळवत बसलेल्या ज्ञानदाला चिमाबाईंनी विचारलं, "पोरी, तू हापिसात करती तरी काय?"

"महिन्याचं नाव बदलते, मावशी."

"कुणाचं?"

"महिन्याचं. जानेवारीचं फेब्रुवारी करते."

चिमाबाईंनी जरा विचार केला. "ते तर आपसूक हुतंय की! त्याला माणूस कशाला?"

प्रश्न चुकीचा नव्हता. ज्ञानदाला तो दोन दिवस टोचत राहिला. मग तिनं पॉवरपॉइंटमधली 'हेल्प'ची पानं वाचून मॅक्रो लिहायला घेतला. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच नीट समजावून सांगितलेलं काम: या फोल्डरातल्या सगळ्या फाइली एकेक करून उघड, हा शब्द दिसेल तिथं तो शब्द घाल, मिटून ठेव. तिचे पहिले काही प्रयत्न फाइली उघडायचे आणि मिटायचेच नाहीत. पण मार्चचा एप्रिल करायची वेळ आली तेव्हा ते जमलं. बटण दाबलं, आणि चहा पिऊन येईपर्यंत साऱ्या जिल्ह्यांत एप्रिल आला होता. पुढच्या वेळी एप्रिलचा मे केला. तेही बिनबोभाट. देशकर म्हणाले, "या वेळी एकही चूक नाही." त्यांच्या तोंडून हे म्हणजे हारतुरेच.

मग मेचा जून करायची वेळ आली. ज्ञानदानं बटण दाबलं आणि निर्धास्तपणे चहाला गेली. फाइली उघडून पाहायची सवय आता सुटली होती.

वितरकांची बैठक ऑफिसच्या मोठ्या खोलीत होती. देशकर उभे राहिले, पडदा उजळला. पहिल्या स्लाइडवर ठसठशीत अक्षरांत होतं: 'सादरकर्ते: अनिजूनष देशकर'.

देशकर पडद्याकडे पाठ करून बोलत होते, त्यामुळे त्यांना ते दिसलं नाही. ज्ञानदाला दिसलं. 'मे' हे नुसतं महिन्याचं नाव नाही, ते अर्ध्या मराठीत शिरून बसलंय, हे तिला त्या क्षणी कळलं. पुढच्या स्लाइडवर काय काय असेल ते तिला आठवू लागलं, आणि जे आठवलं ते सगळं पेंडीबद्दल आणि मेंढ्यांबद्दल होतं.

देशकरांनी पुढची स्लाइड लावली आणि या वेळी पडद्याकडे वळून वाचायला सुरुवात केली. "जूनंढपाळांच्या जूनहनतीला आमची साथ. तालुकावार जूनळावा..." आवाज हळूहळू खाली येत थांबला.

मग पौडचे वितरक भिवाजी मोठ्या गंभीरपणे उभे राहिले. "सायेब, एक विचारू का? ह्यो जूनळावा फकस्त जूनमधीच भरतो, का पुढच्या म्हैन्यात जुलैळावा?"

मग मात्र कुणाला आवरलं नाही. एकानं 'जूनथीघास' शोधून काढलं, दुसऱ्यानं डोळे पुसत 'अनिजूनष साहेब' अशी हाक मारली. आणि कधी नव्हे ते देशकर हसले. आधी नाकातून, मग खांदे हलवत, शेवटी टेबलाला धरून.

बैठक संपल्यावर त्यांनी ज्ञानदाला बोलावलं तेव्हा चेहरा पुन्हा इस्त्रीचा झाला होता.

"सर, मी परत हातानं करते सगळं."

"नको. हातानं केलं तर एक चूक होते, यात सगळ्या एकदम होतात. शोधायला सोप्या. नीट कर."

ज्ञानदा कामाला लागली. शब्द शोधत बसण्यातच खोट होती. म्हणून तिनं सगळ्या जिल्ह्यांसाठी एकच मूळ फाइल केली आणि जे बदलतं तिथं चौकोनी कंसात जागा आखून ठेवली: [महिना], [जिल्हा], [तालुका], [विक्री]. नेमका मजकूर एक्सेलच्या तक्त्यातून येणार आणि फक्त त्या कंसांतच बसणार. आता मेंढीला धक्का नव्हता.

पण कंस घालताना तिला एक गंमत दिसली. प्रत्येक जिल्ह्यात, प्रत्येक तालुक्याच्या स्लाइडच्या शेवटी एक वाक्य होतं: 'प्रतिसाद समाधानकारक असून पुढील महिन्यात वाढ अपेक्षित आहे.' तिनं जुन्या फाइली चाळल्या. ती नोकरीला लागायच्या कितीतरी आधीपासून प्रतिसाद समाधानकारक होता. दुष्काळात समाधानकारक, पुरात समाधानकारक.

"सर, या वाक्याला कंस घालू का?" तिनं विचारलं.

देशकरांनी स्क्रीन आपल्याकडे वळवली. "घातला, तर त्यात लिहिणार कोण?"

"कुणाला तरी विचारावं लागेल."

"मग विचार."

ज्ञानदानं सुरुवात घरापासून केली. कंपनीच्या खाद्याची नमुन्याची पिशवी आणून चिमाबाईंपुढे ठेवली. चिमाबाईंनी ती ओळखली. "हे व्हय? मागं भिवाजीनं दिलं हुतं. मेंढरं खात न्हाईत."

"का?"

"मला काय सांगत्यात का? वास घेत्यात आन् माझ्याकडं बघत्यात."

"कशी बघतात?"

चिमाबाईंनी मान तिरकी करून, ओठ लांबवून, अतिशय दुखावलेल्या नजरेनं ज्ञानदाकडे पाहिलं. शेडाच्या दारात उभा असलेला धुळा म्हणाला, "अगदी अशीच."

पुढच्या बैठकीत, माण ज्यात येतं त्या मुळशी तालुक्याच्या स्लाइडवर महिना बरोबर होता, नावं बरोबर होती, आणि शेवटी लिहिलं होतं: 'मेंढ्या वास घेतात आणि मालकिणीकडे बघतात.'

देशकरांनी ते मोठ्यानं वाचलं. ज्ञानदाला वाटलं, आता सगळे परत हसतील. पण भोरचा वितरक म्हणाला, "आमच्याकडं बी तेच!" फलटणवाला म्हणाला, "आमच्याकडं तर पाठ फिरवत्यात." जी माणसं आजवर माना डोलावून, चहा पिऊन घरी जायची, ती दुपारभर भांडत बसली. निघालं ते असं, की कंपनीच्या मिश्रणात कुणाच्या तरी डोक्यातून आलेला गुलाबाचा वास होता. माणसांना फार आवडला होता.

मिश्रण बदललं. पहिली गोणी घेऊन देशकर स्वतः माणला आले, चकचकीत बूट घालून थेट शेडात. चिमाबाईंनी पाटीत खाद्य ओतलं. मेंढरांनी वास घेतला. मग एका काळ्या मेंढीनं तोंड घातलं आणि तिच्यामागून बाकीच्यांनी. देशकर इतके खूश झाले की त्यांनी कॅमेरा काढला; तेवढ्यात मागून शेळीनं गोणीवरचं लेबल फाडून खाल्लं.

"हिला पण गिऱ्हाईक धरा," धुळा म्हणाला.

लेबल चघळणाऱ्या शेळीचा फोटो अहवालात लागला आणि वितरकांना इतका आवडला, की दर महिन्याला नवा फोटो हवा अशी मागणी आली. मजकूर आता आपोआप बदलायचा, पण फोटो काढायला मॅक्रो जाणार नव्हता. म्हणून महिन्यातले काही दिवस ज्ञानदा कंपनीची जीप घेऊन मुळशी, मावळ, भोर फिरू लागली. घरून निघताना चिमाबाई तिला बजावायच्या, "फोटो काढशील तवा आधी खायाला घाल. उपाशी मेंढरू हासत न्हाई."