बायाबाईवर घेतलेला आळ

धप्. धप्. धप्.

खाजवताना कुत्र्याचा मागचा पाय फरशीवर आपटतो ना, तो आवाज. तीन वर्षांपूर्वी माझ्या घरात दिवसभर हाच चालायचा.

त्या आवाजापायी मी एका बाईला खोटारडी ठरवलं.

खाली फोटो माझ्या कुत्र्याचा, यमकचा आहे. पण पोस्ट बायाबाईची आहे. तिचा फोटो माझ्याकडे नाही.

बायाबाई आमच्या गावची मासोळीवाली. नवरा सोमाभाऊ तलावात जाळं टाकायचे, ही डोक्यावर टोपलं घेऊन गल्लोगल्ली विकायची. आज तिला जाऊन वर्ष झालं.

मी मास्तर म्हणून या गावात आलो तेव्हा ती तरुण होती. मी पाचवीच्या वर्गाकडून कविता चालीवर म्हणून घ्यायचो आणि खिडकीबाहेर एक टोपलं येऊन थांबायचं. बाई दिसायची नाही, नुसतं टोपलं. कविता संपली की टोपलं पुढे सरकायचं.

शाळेची पायरी ती कधी चढली नाही.

"अर्थ नाई समजत जी गुरुजी. पन चाल बहुत गोड हाय."

ते दिवस आठवले की अजून तलावावरचा वारा लागतो अंगाला.

पुढे मी रिटायर झालो. माझी बायको गेली. घरात उरलो मी आणि यमक. हे नाव ऐकून बायाबाई केवढी हसली होती.

"कविता खाऊन पोट भरते का जी कुत्र्याचं?"

आणि टोपल्यातलं मासोळीचं एक डोकं त्याच्यापुढे टाकलं. मग ते रोजचंच झालं.

नंतर यमकचे केस झडायला लागले. पोट लालभडक, काखेत चट्टे. कोणी म्हणे जळकं ऑइल चोपडा, कोणी म्हणे कडुलिंबाच्या पाण्यानं धुवा. चामोर्शीहून महागडा शॅम्पू आणला. काही उपयोग नाही.

शेवटी जनावरांच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खरजेचे किडे नाहीत, गोचीड नाही.

"खाण्याची ॲलर्जी वाटते. यानं आजवर कधीच न खाल्लेलं एक मांस निवडा. सोबत नुसता भात. आठ आठवडे दुसरं काहीही पोटात जाऊ देऊ नका. खाज थांबली की जुना एकेक पदार्थ परत देऊन बघू."

कोंबडी खाल्लेली. अंडी खाल्लेली. मासोळी तर रोजची. राहिलं बोकडाचं मटण. तेच ठरलं.

बायाबाईला सांगितलं. "बरं जी, नाई देत," म्हणाली.

चार आठवडे झाले. सहा झाले. धप् धप् चालूच.

एका दुपारी गेटपाशी मासोळीचं खवलं सापडलं.

"बायाबाई, तू देऊन राह्यली त्याले!" (चिडलो की माझीही पुस्तकी भाषा सुटते.)

"टोपल्यातून पडलं असन जी. मी काऊन खोटी बोलीन? तो पाह्यते माह्याकडं, मीच तोंड फिरवून जातो."

मला पटलं नाही. माळ्यावरून जुना फळा काढला, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि गेटला टांगला.

दुसऱ्या दिवशी ती फळ्यापुढे उभी.

"काय लिवलं जी गुरुजी? वाचून दाखवा ना."

मी वर्गातल्या आवाजात वाचलं.

"मासोळीवाल्या बाईने या दारी थांबू नये. सांगूनही ऐकत नाही."

तिनं फळ्याकडे पाहिलं.

"अक्षर चांगलं हाय," म्हणाली.

टोपलं सावरलं आणि गेली. पुन्हा आमच्या गल्लीत आली नाही. सोमाभाऊ रस्त्यात भेटले तर मान वळवायचे.

दोन महिन्यांनी मॅडमनी विचारलं, "सकाळी उठल्यापासून काय काय देता, सगळं सांगा."

"मटण आणि भात, मॅडम. बस."

"आणि तुम्ही चहा घेता तेव्हा?"

"तेव्हा बिस्किट. अर्धं मी, अर्धं तो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"काका, बिस्किट पण खाणंच असतं."

त्यात गहू, त्यात दूध. रोज सकाळी, माझ्या हातानं, चहात बुडवून. बायको गेल्यापासून चहाला सोबत तोच होता. ते बिस्किट मी कधी खाण्यात धरलंच नाही.

बिस्किट बंद केलं. सहा आठवड्यांत घर शांत झालं.

मग एकेक पदार्थ परत. कोंबडी दिली, काही नाही. अंडं दिलं, काही नाही. मासोळी दिली आणि दोन आठवडे श्वास रोखून बघत बसलो.

काही नाही.

बिस्किटाचा तुकडा दिला. तिसऱ्या दिवशी धप्.

फळा उतरवला. वाटलं, फळा गेलेला दिसला की ती येईल. किती सोयीचं वाटणं! खरं तर चार गल्ल्या चालून मीच जायला हवं होतं.

उद्या जाऊ म्हटलं. धानाची रोवणी होऊन जाऊ दे. धान कापून होऊ दे.

दीड वर्ष गेलं त्यात.

आणि ती चार दिवसांच्या तापात गेली. तिला निरोप द्यायला तलावाच्या पाळीवर, बांधावर, मी सगळ्यांच्या मागे उभा होतो.

आता यमकची पाठ उन्हात चमकते. लोक विचारतात, "गुरुजी, काय खाऊ घालता?" मी सांगतो, भात आणि काटे काढलेली तलावातली मासोळी. पुढचं सांगत नाही.

आज सांगितलं.

बायाबाई, तू खरं बोलत होतीस. दोष माझ्या हाताचा होता. जिथे असशील तिथे सुखात राहा. तुझ्या गुरुजींचा तुला नमस्कार.

एवढं लिहून पोस्ट टाकणार, तोच गेट वाजलं.

सोमाभाऊ. खांद्यावर पांढरा दुपट्टा. फळा लागला त्या दिवसापासून त्यांनी इकडे पाऊल टाकलं नव्हतं.

"आवतन द्याले आलो जी गुरुजी. बायाचं वरीस हाय आज. जेवाले या."

"मले?"

"साऱ्या गावाले देऊन राह्यलो. तुमालेच कसं वगळू?"

ते उभेच आहेत. मी अजून खुर्चीतून उठलेलो नाही.

पान वाढायच्या आधी त्यांना हे सगळं सांगितलं पाहिजे.